दर्पनारायण कुठल्या पानावर आहे?

तपतीदीचं तिसरं पुस्तक छापून आलं तेव्हा पहिलं संपलेलं होतं. दुसऱ्याच्या सतरा प्रती तिच्या पलंगाखाली पडून होत्या. लोक तिसरं हातात घेत, मागचा मजकूर वाचत आणि विचारत, हे मालिकेतलं तिसरं ना, मग पहिलं द्या. पहिलं नाही म्हटलं की तिसरं खाली ठेवून पुढच्या टेबलाकडे जात. दुसऱ्याकडे कुणी बघतच नसे, कारण आमच्या छापखानेवाल्या पाँचूबाबूंनी त्याच्या कण्यावर आकडाच छापला नव्हता.

तपती नियोगी माझ्या वरच्या मजल्यावर राहते. चंदननगरला, गंगेकाठच्या स्ट्रँडपासून दोन गल्ल्या आत. चुंचुड्याच्या कोर्टात जुन्या दफ्तरांच्या खोलीत तिनं एकतीस वर्षं काढली. लग्न केलं नाही. निवृत्त झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी दोन रीम कागद आणून लिहायला बसली. मी मुलींच्या शाळेत बांगला शिकवायचे. माझ्याहून ती चार वर्षांनी मोठी, म्हणून मला ती तपतीदी आणि मी तिची बुलू. तिच्या प्रत्येक पुस्तकाची मुद्रितं मी तपासली आहेत, आणि पुढं जे घडलं त्यालाही बऱ्याच अंशी मीच कारण आहे. तेव्हा ही गोष्ट मीच सांगितलेली बरी.

तिची नायिका क्षीरोदा. काळ सतराशे एकाहत्तरचा. गाव आमचंच, पण तेव्हाचं फरासडांगा, वर फ्रेंचांचं निशाण. आदल्या वर्षीच्या दुष्काळात चहूकडे माणसं पटापट मेलेली. क्षीरोदा विधवा नापितिनी, म्हणजे न्हावीण. मागच्या दारानं घरोघरी जायचं, बायकांची नखं काढायची, टाचा घासायच्या आणि तळपायांना आलता, म्हणजे लाल रंग, लावायचा, हा तिचा धंदा. बर्गींनी, म्हणजे मराठ्यांच्या घोडेस्वारांनी, तिच्या आईचं गाव जाळलं तेव्हा आई तिला पोटात घेऊन फ्रेंचांच्या तटाच्या आडोशाला पळून आली होती. अशी ही बाई दिवाणाच्याही अंतःपुरात जाते आणि तेल्याच्याही. तिच्यासमोर कुणी आवाज खाली करत नाही, कारण पाय धुणाऱ्या बाईलाही कान असतात हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

पहिल्या पुस्तकाचं नाव 'आलत्याची वाटी'. त्यात दिवाणाची धाकटी सून मरते. घरचे सांगतात, पहाटे अनवाणी देवळात जाऊन आली आणि अंगणात कोसळली. क्षीरोदा तिचे तळपाय बघते. आलता कोरा करकरीत. चार पावलं चालली असती तरी टाचेचा रंग घासला गेला असता. म्हणजे आलता लावल्यानंतर ही बाई जमिनीवर उभीच राहिली नव्हती. मेल्यावर कुणीतरी तिचे पाय रंगवले होते. तिथून खुनाचा माग लागतो. मी ते हस्तलिखित एका दुपारी संपवलं, वरण चुलीवर करपलं तरी उठले नाही. वाटलं, लोक हातोहात नेतील.

मला काय कळत होतं. कॉलेज स्ट्रीटच्या एका प्रकाशकानं ते चौदा महिने ठेवून घेतलं. मग बोलावून सांगितलं की बाई गुप्तहेर चालेल, पण न्हाव्याची कशाला, जमीनदाराची विधवा करा, शोभून दिसेल. दुसरा म्हणाला, खर्च तुमचा, नाव आमचं. तिसऱ्यानं भेटच दिली नाही. तेव्हा तपतीदीनं ठरवलं की आपलं आपणच छापायचं. मागच्या गल्लीत पाँचूबाबूंचा छोटा छापखाना होता. माणूस सज्जन, फक्त एक सांगितलं की दुसरं विसरायचा.

छापणं हा त्यातला सोपा भाग निघाला. खरी साडेसाती विकायला निघाल्यावर लागली.

आधी मुखपृष्ठ. चित्रकार ऋतब्रत आमच्याच पाड्यातला, म्हणजे मोहल्ल्यातला. त्यानं पहिल्या पुस्तकाला पितळेची वाटी आणि लाल बोटं काढली. देखणं होतं, पण पुस्तकांच्या मेळ्यात कुणी उचलेना; मोजक्याच छापलेल्या प्रती ओळखीपाळखीत वाटण्यातच संपल्या. दुसऱ्या पुस्तकासाठी त्यानं जे काढून आणलं त्यात कवटी होती, लाल चंद्र होता आणि जटा सोडलेला एक तांत्रिक. तपतीदीनं विचारलं, माझ्या पुस्तकात तांत्रिक कुठल्या पानावर आहे? तो म्हणाला, दीदी, हल्ली तांत्रिक असल्याशिवाय लोक पुस्तकाला हात लावत नाहीत. दोन आठवडे वाद घालून तिनं कवटी आणि तांत्रिक काढायला लावले. चंद्र राहिला, कारण तोवर ती दमली होती. मग एका वाचकाचं पत्र आलं की चंद्र लाल का झाला होता ते शेवटपर्यंत कळलंच नाही.

मग फेसबुकवरचे वाचकांचे गट. एका गटात जाहिरात फक्त रविवारी चाले. तिनं रविवारी टाकली तर चित्रात किंमत दिसते म्हणून काढून टाकली. किंमत झाकून पुढच्या रविवारी टाकली, तर तोवर नियम बदलून शनिवार झाला होता. अकरा जणांनी परीक्षण लिहितो म्हणून प्रती फुकट मागवल्या. टपालात घालायला मीच गेले होते, म्हणून आकडा लक्षात आहे. त्यातल्या दोघांनी लिहिलं. एकानं कागद आणि बांधणीची स्तुती केली. दुसऱ्यानं मनापासून लिहिलं, पण पहिल्याच ओळीत खुन्याचं नाव सांगून टाकलं.

त्या दिवशी तपतीदी माझ्याकडे येऊन खुर्चीत बसली. मग म्हणाली, "बुलू, नापसंत पडलं असतं तर मी समजू शकले असते. वाचून नापसंत करायलाही कुणी तयार नाही."

मला ते सहन झालं नाही. म्हणून अर्कप्रभचा फोन आला तेव्हा मीच तिच्या मागे लागले.

अर्कप्रभ तिशीतला मुलगा, कोलकात्याचा. त्याचं यूट्यूबवर ध्वनिकथांचं चॅनेल होतं. आमच्याकडे लोक स्वयंपाक करताना, टोटो, म्हणजे बॅटरीची रिक्षा, चालवताना, दुकानात बसल्या बसल्या अशा गोष्टी ऐकतात, आणि याचे ऐकणारे लाखांत होते. त्याला 'आलत्याची वाटी' जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळाली होती. तो घरी आला, तपतीदीच्या पाया पडला, मी आणलेली जलभरा संदेशाची मिठाई खाल्ली आणि म्हणाला की अशी नायिका बांगलात कधी झालीच नाही. चार पानांचा इंग्रजी करार त्यानं बरोबर आणला होता. पैसे नावापुरतेच होते. तपतीदी म्हणाली, नीट वाचून मग सही करते. मी म्हटलं, अगं, कोर्टात जन्म गेला म्हणून प्रत्येक कागदावर संशय कशाला घेतेस. आण, मी वाचते. मी वाचायला घेतला आणि दुसऱ्या पानावर थांबले, कारण तो मुलगा निघायची घाई करत होता. तिनं माझ्या भरवशावर सही केली.

दुर्गापूजेनंतरच्या एका शनिवारी संध्याकाळी ती कथा आली. माझ्या खोलीत आम्ही दोघी मुडी आणि तेलेभाजा, म्हणजे चुरमुरे आणि भजी, घेऊन बसलो होतो. आधी ढगांचा गडगडाट, मग कोल्हेकुई. मग एका पुरुषाचा भारदस्त आवाज म्हणाला, "मी दर्पनारायण राय. फरासडांग्यात ज्या खुनाचा छडा कुणाला लागत नाही, तो माझ्याकडे येतो."

तपतीदीचा मुडीचा घास हातातच राहिला. तिनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आधी दुसरी एखादी गोष्ट असेल. पण नाही. दिवाणाची सून आली, अंगण आलं, आलता आला. क्षीरोदाही आली. ती दर्पनारायणाचा कंदील धरत होती आणि मधूनमधून म्हणत होती, "बाबू, मला भीती वाटते." आणि तळपायांपाशी आल्यावर दर्पनारायण गुडघ्यावर बसला, त्यानं सुनेच्या पायांवरची साडी बाजूला सारली आणि आलत्याचं रहस्य उलगडलं.

मी बंद करायला हात पुढे केला तर तिनं करू दिलं नाही. दीड तास सगळं ऐकलं. शेवटी नावं वाचली त्यात तिचं नाव होतं, पण संगीताच्या आवाजात ते 'तापसी' असं ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी तिनं अर्कप्रभला फोन केला. मी समोर होते. तिचा आवाज चढला नाही. कोर्टातल्या वकिलांशी बोलायची तशी बोलली. "सतराशे एकाहत्तर साली कुठल्या भद्र घरात परक्या पुरुषाला सुनेचे तळपाय बघू देत होते, ते मला सांगा. ती नापितिनी आहे म्हणूनच तिला ते दिसलं. पुरुष घातलात तर माझी गोष्टच उरत नाही."

तो गोड बोलला. म्हणाला, दीदी, ऐकणाऱ्यांना सुरुवातीलाच एक आवाज धरायला लागतो, भारी आवाज. क्षीरोदा आहेच की. आणि रूपांतरासाठी लागतील ते बदल करायची मुभा करारातच आहे, तिसऱ्या पानावर. शिवाय एका रात्रीत तीन लाख लोकांनी ऐकलंय, तुमची पुस्तकं आता बघा कशी खपतात.

तिसऱ्या पानावर. मी मान खाली घातली. तपतीदी मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पण तीन लाख हा आकडा आम्हा दोघींच्या डोक्यात बसला होता, हेही खरं. शंभरातल्या एकानं जरी पुस्तक मागितलं तरी काय होईल, असा हिशोब मी केला आणि तिला पटवला. डिसेंबरात आमच्याकडे पुस्तकमेळा भरतो. त्याआधी पहिलं पुस्तक पुन्हा छापायचं ठरलं. पाँचूबाबूंच्या समोर ठाण मांडून तिनं तीनशे प्रती काढून घेतल्या. दुसऱ्याच्याही शंभर छापल्या, या वेळी कण्यावर आकडा घालून. मालिका सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच तिन्ही पुस्तकं एका टेबलावर एकाशेजारी एक उभी राहिली. मेळ्याच्या पहिल्या दुपारी तिनं ती तीनदा उचलून पुन्हा सारखी केली.

पहिला माणूस आला तो चष्मेवाला, सोबत बायको. त्यानं 'आलत्याची वाटी' बघून बायकोला कोपरानं खुणावलं. मग पानं चाळत विचारलं, "यात दर्पनारायण कुठल्या पानावर येतो?"

तपतीदीनं सांगितलं की येत नाही. मूळ कथेत तो नाहीच, ती क्षीरोदेची कथा आहे. तो माणूस हसला आणि म्हणाला, म्हणजे हे छोट्या मुलांसाठी संक्षिप्त केलेलं दिसतंय. पुस्तक ठेवून गेला.

त्या दिवशी असे एकोणीस जण आले. मी मोजत नव्हते, तीच कागदावर रेघा ओढत होती. दर्पनारायणाचं दुसरं पुस्तक आहे का. दर्पनारायणाचं लग्न झालंय का. एक बाई म्हणाली, त्या बाबूंचा आवाज काय आहे हो, आणि पुस्तकात आवाज नसतो याचं तिला खरोखर वाईट वाटलं. तिघांनी पुस्तक विकत घेतलं. त्यातला एक दुसऱ्या दिवशी परत घेऊन आला. पहिली चाळीस पानं वाचली, नायक आलाच नाही, म्हणून पैसे परत मागत होता. तपतीदीनं दिले. मी आड येत होते, पण ती म्हणाली, देऊ दे, याच्या घरात ते पुस्तक नकोच.

तिसऱ्या दिवशी सगळ्यात वाईट झालं. कुणा कॉलेजच्या मुलानं आमच्या टेबलाचा फोटो काढून वाचकांच्या गटात टाकला. खाली लिहिलं, गाजलेली ध्वनिकथा चोरून पुस्तक काढलंय, नायकाला गाळून त्याच्या जागी न्हाव्याची बाई घातली आहे, आणि लेखिका मेळ्यात उजळ माथ्यानं बसली आहे. संध्याकाळपर्यंत त्याखाली चारशेवर लोक बोलून गेले. कुणी लिहिलं, म्हातारीला लाज नाही. कुणी लिहिलं, हल्ली स्वतःच छापणाऱ्यांचं असंच.

टेबलामागे बसून तपतीदीनं पहिल्या आवृत्तीच्या आतल्या पानाचा फोटो काढला. त्यावर साल होतं, ध्वनिकथेच्या पाच वर्षं आधीचं. तो तिनं गटात टाकला आणि दोनच ओळी लिहिल्या. वीस मिनिटांत तो काढून टाकला गेला. कारण दिलं होतं, स्वतःच्या पुस्तकाचा प्रचार फक्त शनिवारी.

आता ती रडेल असं मला वाटलं. ती हसली, आणि ते जास्त भीतिदायक होतं.

अर्कप्रभनं फोन उचलायला दोन दिवस लावले. आता ती दीदी राहिली नव्हती. "मॅडम," तो म्हणाला, "वादाला घाबरू नका. वादानंच नाव होतं. आणि तुमचं नाव आम्ही खालच्या मजकुरात घातलंय." आम्ही जाऊन बघितलं. घातलं होतं. ध्वनिमुद्रण, संगीत, मसाल्याची एक जाहिरात, आणि त्याखाली शेवटून दुसऱ्या ओळीत तपती नियोगी.

दुसऱ्या दिवशी मी मेळ्यात जरा उशिरा पोचले, तर टेबलापुढे सात-आठ जण उभे. पुस्तकांच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा फाडून तिनं त्यावर जाड अक्षरांत लिहून समोर टांगलं होतं: 'या पुस्तकांत दर्पनारायण नाही. १७७१ साली तो अंतःपुरात शिरला असता तर मार खाऊन बाहेर आला असता.'

लोक वाचत होते, हसत होते, फोटो काढत होते. काहींनी विचारलं, म्हणजे काय. मग ती सांगू लागली. कोर्टातल्या जुन्या कागदांत नापितिनींच्या साक्षी कशा सापडतात. साक्षीच्या खाली सहीऐवजी नुसती फुली कशी असते. मुन्शी त्यांचं नावसुद्धा न लिहिता 'अमक्याची बायको' एवढंच कसं लिहितात. मी तिला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. फरासडांग्याचे रस्ते, मिठाची गोदामं, कुठल्या घाटावर कुणी पाणी भरायचं, सगळं. माणसं ऐकत उभी राहिली. त्या दिवशी सव्वीस पुस्तकं गेली. संध्याकाळी तो पुठ्ठा त्याच गटात पोचला आणि दोन-चार जणांनी तिची बाजूही घेतली.

मी खूश होते. आवरता आवरता म्हटलं, बघ, शेवटी जमलं ना.

"लोकांनी पुठ्ठ्याचे फोटो नेले, बुलू," ती म्हणाली. "मी नऊ वर्षं तीन पुस्तकं लिहिली त्यातलं एक वाक्य कुणाला माहीत नाही. रागाच्या भरात पाच मिनिटांत लिहिलं ते गावभर झालं. उद्या मी मेले तर त्या पुठ्ठ्यासाठी आठवतील."

मी काहीतरी समजूत घालायला गेले तर म्हणाली, गोड बोलू नकोस, तू करार वाचला होतास. पहिल्यांदाच बोलली. मी पुस्तकं खोक्यात भरली. घरी जाताना आम्ही एकाच टोटोत शेजारी शेजारी बसलो, आणि स्ट्रँड येईपर्यंत तिनं तोंड दुसरीकडे ठेवलं.

पुठ्ठ्यापुढच्या त्याच गर्दीत शेफाली धारा नावाची बाई येऊन पहिलं पुस्तक घेऊन गेली होती. माझ्या ते लक्षातही नव्हतं. मेळ्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी ती परत आली. चाळिशीची, काटक, सुती साडी, खांद्यावर पिशवी. हातात 'आलत्याची वाटी'. मला वाटलं, ही पण परत करायला आली. मी पैशांच्या डब्याकडे हात नेला.

तिनं विचारलं, लिहिणाऱ्या दीदी कोणत्या? मी बोट दाखवलं. ती सरळ तपतीदीसमोर जाऊन म्हणाली, "दीदी, तुमच्या गोष्टीत एक चूक आहे."

तपतीदीला इतक्या दिवसांत लोकांनी काय काय ऐकवलं होतं. तिनं थकल्या आवाजात विचारलं, दर्पनारायण नाही हीच ना?

"तो नाही ते बरंच आहे. मोबाइलवर ऐकताना तो बोलू लागला तेव्हा मला वाटलं डॉक्टरच आला, रात्रभर जागायचं मी आणि सांगायचं त्यानं." तिनं पुस्तक उघडलं. पानाचा कोपरा दुमडलेला होता. "मी आया आहे, बावीस वर्षं. घरोघरी आजारी माणसांजवळ बसते. सवाष्ण गेली की घरच्यांना धीर होत नाही, पायाला आलता मलाच लावायला सांगतात. किती जणींना लावला असेल मी. थंड कातडीवर रंग धरत नाही, दीदी. वर वर बसतो. ओल्या कापसानं पुसला की जातो. तुमची क्षीरोदा नुसती बघते आणि ओळखते. नापितिनी असती तर तिनं आधी अंगठा घासून बघितला असता."

तपतीदी उठून उभी राहिली. तिनं पुस्तक हातात घेतलं, ते पान वाचलं, परत वाचलं. मी तिच्याकडे बघत होते. तीनशे प्रती महिन्याभरापूर्वीच छापल्या होत्या.

"जिवंत बाईला लावला तर?" तिनं विचारलं.

"मुरतो. दोन दिवस जात नाही."

"आणि मरून किती वेळ झाला असेल तर धरत नाही?"

शेफाली विचार करू लागली. तपतीदीनं तिच्यासाठी स्वतःची खुर्ची सरकवली आणि मला सांगितलं, बुलू, कागद आण. मग त्या दोघी बसल्या. हात कधी ताठ होतात, ओठ कधी काळे पडतात, घरात मृत्यू झाल्यावर कोण रडतं आणि कोण आधी कपाटाच्या चाव्या शोधतं. शेफालीनं अंतःपुरात काय काय बघितलं होतं त्याला सीमा नव्हती. टेबलापुढे गिऱ्हाइकं येऊन उभी राहत होती, त्यांना मी सांभाळलं. एकानं विचारलं, लेखिकेची सही मिळेल का. मी म्हटलं, थांबावं लागेल. तो थांबला नाही.

जाताना शेफालीनं दुसरं आणि तिसरं पुस्तक मागितलं. तपतीदी फुकट देऊ लागली तर तिनं घेतलं नाही. म्हणाली, वाचून चुका काढायच्या असतील तर विकतच घेतलेलं बरं.

त्या रात्री मी दबकत म्हटलं की काही झालं तरी ही बाई त्या ध्वनिकथेमुळेच आपल्यापर्यंत आली.  जिना चढताना तपतीदीनं माझ्या हातातली जड पिशवी काढून घेतली.

पुढं जे झालं ते काही फार आनंदाचं नाही. जानेवारीत त्या चॅनेलनं दर्पनारायणाची स्वतंत्र मालिका जाहीर केली, लेखक दुसराच. तपतीदी करार घेऊन कोर्टातल्या तिच्या ओळखीच्या वकिलाकडे गेली. त्यानं चौथं पान वाचून दाखवलं. रूपांतरात जी नवी पात्रं येतील ती चॅनेलच्या मालकीची. दर्पनारायण तिचा कधी नव्हताच, आता तो कायद्यानंही नव्हता. क्षीरोदा तेवढी तिची राहिली. वकील म्हणाला, तुम्ही नशीबवान आहात. तपतीदीनं मला ते शब्द जसेच्या तसे ऐकवले आणि करार कपाटात सगळ्यात खाली टाकला.

पहिल्या पुस्तकाच्या एकशे नव्वद प्रती अजून तिच्या पलंगाखाली आहेत, चुकीच्या आलत्यासकट. आणखी एकदा छापायची ऐपत नाही आणि तशाच विकायला तिचं मन घेत नाही. मी म्हटलं, शुद्धिपत्र चिकटवू. ती म्हणाली, रहस्यकथेत शुद्धिपत्र चिकटवलं तर वाचणारा आधी तेच वाचेल. यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. तोवर मेळ्यात आम्ही पुन्हा दुसरं आणि तिसरंच मांडतो, आणि लोक पहिलं मागतात.

चौथं पुस्तक ती लिहिते आहे. दर मंगळवारी शेफालीला कामाची सुट्टी असते, तेव्हा ती वर येते. आधी आधी मीही जाऊन बसायचे. पण त्या दोघी चहाबरोबर बुडून मेलेल्या माणसाच्या नखांवर बोलू लागल्या की माझी मुडी घशाखाली उतरत नाही. मग मी खाली येते आणि तपतीदीनं दिलेली नवी पानं तपासते. आतापर्यंत सहा प्रकरणं झाली होती. काल शेफालीनं त्यातली दोन खोटी ठरवली, आणि तपतीदी सकाळपासून ती पुन्हा लिहायला बसली आहे.